पूररेषा आणि घरांचा पूरविमा

पूररेषा म्हणजे ठरावीक वारंवारितेचा पूर आल्यास नदीचे पाणी काठावर जिथपर्यंत पसरेल, ती मर्यादा दाखवणारी नकाशावरील रेषा होय. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग (पूर्वीचा पाटबंधारे विभाग) नदीकाठच्या भागासाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा निश्चित करतो. घरांचा पूरविमा म्हणजे पुरामुळे इमारतीचे व घरातील वस्तूंचे जे नुकसान होते, त्याच्या भरपाईची विमा कंपनीने घेतलेली हमी. भारतात घरांसाठी या नावाचा वेगळा विमा सहसा विकला जात नाही. पुराचे संरक्षण घराच्या अग्निविम्यातच समाविष्ट असते.

पूररेषा आणि विमा यांचा उद्देश वेगळा आहे. पूररेषा बांधकामावर नियंत्रण ठेवण्यासाठी आखली जाते, तर विमा नुकसानीनंतर उपयोगी पडतो. रेषेबाहेरचे घर सुरक्षितच असते असे नाही. 'आपले घर रेषेत नाही' एवढ्यावर विश्वासून विमा न घेतलेल्या कुटुंबांना मोठ्या पुरात त्याची किंमत मोजावी लागते. कृष्णा आणि पंचगंगा खोऱ्यात २००५, २०१९ आणि २०२१ साली आलेल्या महापुरांमुळे हा प्रश्न विशेष चर्चेत आला.

पूररेषांची आखणी

राज्यात पूररेषांविषयीचे मूळ धोरण पाटबंधारे विभागाच्या २१ सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने ठरले. त्यानुसार सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो अधिक असेल त्याच्या पाण्याची मर्यादा निळ्या रेषेने दाखवली जाते. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी निगडित असते. धरणाच्या खालच्या बाजूस लाल रेषा ठरवताना धरणाच्या सांडव्यातून सोडल्या जाणाऱ्या विसर्गाचाही विचार केला जातो.

नदीचे पात्र आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तेथे उद्याने, क्रीडांगणे, शेती अशा मोकळ्या जागेच्या वापराला मुभा असते. निळी व लाल रेषा यांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र असून तेथे अटींवर बांधकाम करता येते. बृहन्मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार अशा बांधकामाचे जोते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे लागते. निळ्या रेषेच्या आतील जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्बांधणीलाही जलसंपदा विभागाच्या ना-हरकत प्रमाणपत्रासह जोत्याची हीच अट लागू होते.

जुन्या वस्तीवर या नियमांचा परिणाम मर्यादित राहतो. कोल्हापूर, सांगली, कराड, चिपळूण यांसारख्या शहरांत नदीकाठची घरे आणि बाजारपेठा पूररेषांच्या संकल्पनेपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. शिवाय रेषा आखली जाते ती त्या वेळी उपलब्ध असलेल्या पावसाच्या, विसर्गाच्या आणि भूसर्वेक्षणाच्या नोंदींवरून. त्यानंतर पात्रात भराव पडला, नाल्यावर बांधकाम झाले किंवा रस्त्याची उंची वाढली, तर प्रत्यक्षातले पाणी रेषेप्रमाणे वागत नाही. २०१९ च्या महापुराची कारणे शोधण्यासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले.

वारंवारितेचा अर्थ

'२५ वर्षांतून एकदा' या शब्दप्रयोगाने मोठा गैरसमज होतो. एकदा पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. त्या आकाराचा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता दरवर्षी २५ पैकी १, म्हणजे ४ टक्के आहे, एवढेच हे विधान सांगते. लगतच्या दोन वर्षांतही असे पूर येऊ शकतात.

घर मात्र एका वर्षासाठी बांधले जात नाही. घरकर्जाची मुदत ३० वर्षे धरली, तर निळ्या रेषेवरील घरात त्या मुदतीत किमान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के निघते. लाल रेषेवरील घरासाठी, म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता धरल्यास, हाच आकडा सुमारे २६ टक्के येतो. प्रत्येक वर्ष स्वतंत्र असून नदीखोऱ्यातील परिस्थिती बदलत नाही, हे या गणिताचे गृहीतक आहे. खोऱ्यातील पाऊस आणि बांधकामे बदलत असल्याने हे आकडे अंदाज म्हणूनच घ्यावेत.

कोल्हापूर व सांगली येथील पाणीपातळीच्या नोंदी

नकाशावरील रेषेपेक्षा स्थानिक लोकांच्या अधिक परिचयाची असते ती पूरमापकावरील पातळी. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी कसबा बावडा येथील राजाराम बंधाऱ्यावर फूट व इंचांत मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तेथील इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट आहे. पावसाळ्यात दोन्ही शहरांत या आकड्यांची चौकशी दिवसातून अनेकदा होते, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की ती आणखी वाढते.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांपर्यंत, तर आयर्विन पुलाजवळ सुमारे साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले. जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात ५६ फूट ३ इंच, म्हणजे २०१९ पेक्षाही अधिक पातळी नोंदवली गेली. त्याच पुरात सांगलीची पातळी सुमारे ५५ फूट, म्हणजे २०१९ पेक्षा कमी राहिली. कोल्हापूर आणि सांगली यांमधील अंतर जेमतेम ५० किलोमीटर आहे, तरीही दोन पुरांपैकी मोठा कोणता याचे उत्तर दोन्हीकडे वेगळे आहे. पंचगंगेवर कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांच्या पाणलोटातील पावसाचा परिणाम होतो, तर सांगलीच्या कृष्णेवर कोयना आणि वारणा यांच्या पाण्याचा. पूरधोका स्थानिक असतो, तो असा.

पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि मागे फुगवटा येतो. त्यामुळे शिरोळ तालुक्यात पाऊस थांबल्यावरही पाणी अनेक दिवस हटत नाही. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तो 'दक्षिणद्वार सोहळा' भाविकांसाठी पर्वणी असतो. काठावरच्या घरांना मात्र तीच पातळी सामान हलवण्याची सूचना असते.

कोल्हापूर शहरात पाणी केवळ नदीकाठाने येत नाही. नदीची पातळी वाढली की जयंती नाल्याचे पाणी मागे फिरते आणि नदीपासून दूर असलेल्या शाहूपुरीसारख्या भागांतही शिरते. नदी घरावरून दिसत नाही, म्हणून पुराचा धोका नाही, हा समज येथे चुकीचा ठरतो.

पूर किती वेळ टिकतो यावरही नुकसान अवलंबून असते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी वेगाने चढले, त्यामुळे सामान हलवायला वेळच मिळाला नाही. कृष्णाकाठी पाणी सावकाश चढते, पण उतरतेही सावकाश. मातीच्या भिंती दीर्घकाळ पाण्यात राहिल्या की मऊ होऊन बसतात आणि पूर ओसरल्यावर घर कोसळते.

एखाद्या घराचा धोका कसा तपासावा

घराचा गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक हाती असल्यास महानगरपालिका, नगरपरिषद किंवा प्राधिकरणाच्या नगररचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा मिळवता येतो. विकास आराखड्यावर पूररेषा दाखवलेली असल्यास जमीन तिच्या कोणत्या बाजूस आहे ते त्यातून कळते. आराखड्यात रेषा नसल्यास जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयात विचारणा करावी लागते. सदनिका विकत घेताना वकील मालमत्तेच्या मालकीहक्काचा शोध घेतात. पूररेषेची चौकशी त्यात आपोआप होत नाही, ती वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

दुसरी पद्धत अधिक घरगुती आहे आणि अनेकदा अधिक उपयोगी पडते. मागील पुरात पाणी भिंतीवर कुठवर आले होते त्याची खूण आणि त्या वेळचा पूरमापकावरील सर्वोच्च आकडा यांची सांगड घालता येते. समजा, राजाराम बंधाऱ्यापासून जवळ असलेल्या एका घरात २०१९ मध्ये जमिनीपासून ४ फूट उंचीपर्यंत पाणी चढले होते. तेव्हाचा सर्वोच्च आकडा ५५ फूट ७ इंच होता, म्हणून बंधाऱ्यावर सुमारे ५१ फूट ७ इंच पाणी झाले की या घरात ते शिरू लागेल. धोका पातळी ओलांडल्याची घोषणा झाल्यावरही या घराला साडेआठ फुटांहून अधिक वाव आहे. सुतारवाड्यातील सखल घरांना तेवढा वाव नसतो. तेथील कुटुंबांना पूर चढू लागताच सर्वांत आधी हलवावे लागते. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, मगरमच्छ कॉलनी या वसाहतींची स्थिती तशीच आहे.

नदीच्या पाण्याला उतार असतो, म्हणून मापकापासून दूर असलेल्या गावाला हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. नाल्याच्या फुगवट्याने भरणाऱ्या भागांतही त्यात फरक पडतो. केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाजात पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. तिची तुलना स्थानिक मापकावरील फुटांशी थेट करता येत नाही. भाड्याने किंवा नव्याने राहायला आलेल्यांनी जुन्या शेजाऱ्यांना २००५ आणि २०१९ ची खूण विचारणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. घर विकू इच्छिणारा मालक ती रंगाखाली गेल्यावर आपण होऊन सांगेलच असे नाही.

धरणातून सोडलेल्या विसर्गामुळे येणारा पूर हा वेगळा प्रकार आहे. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात पहाटे पाणी शिरले. खडकवासला धरणाच्या खाली मुठेकाठी वसलेल्या सोसायट्यांना गावातील पावसापेक्षा विसर्गाच्या क्युसेकमधील आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

शासकीय मदत आणि भरपाई

पुरानंतर तलाठी व इतर कर्मचारी पंचनामे करतात आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मदत दिली जाते. २०२२ पासूनच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी १,२०,००० रुपये, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये अशी मदत आहे. २०१९ च्या महापुरात राज्य शासनाने बाधित कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये सानुग्रह अनुदान दिले होते.

या मदतीला 'नुकसानभरपाई' म्हटले जात असले, तरी ती तशी नसते. तिचा हेतू तातडीचा दिलासा देणे हा आहे. ज्या घरात चार फूट पाणी आठवडाभर राहिले, पण भिंती उभ्या राहिल्या, त्याची नोंद अंशतः पडझड म्हणूनच होते. वीजजोडणी, फरशी, दारे, कपाटे, गाद्या, फ्रीज आणि शालेय पुस्तके यांचा खर्च ६,५०० रुपयांत भागत नाही. मदत आणि प्रत्यक्ष खर्च यांतला हा फरक विम्याने भरून काढायचा असतो.

घरविम्यातील पुराचे संरक्षण

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी लागू केली. सामान्य विमा कंपन्यांच्या या नावाच्या पॉलिसीचा मूळ मजकूर सारखाच असतो. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप यांबरोबर वादळ, पूर, जलप्रलय, जमीन खचणे व दरड कोसळणे हे धोके तिच्यात मुळातच समाविष्ट आहेत. आपत्तीनंतर ७ दिवसांच्या आत घरात झालेली चोरीही तिच्यात येते. लोकांनी घर सोडल्यानंतरच्या दिवसांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

त्यापूर्वी घरांसाठी 'प्रमाणित अग्नी व विशेष संकट' पॉलिसी वापरली जात असे. तिच्यात वादळ व पुराचे संरक्षण वगळून हप्ता कमी करून घेण्याची सोय होती. त्यामुळे जुन्या पॉलिसीचा केवळ मथळा पाहून पूर समाविष्ट आहे की नाही हे ठरत नाही. मथळ्यात 'अग्नी' असल्याने तिच्यात पूर येतच नसावा, असा उलट समजही आढळतो.

छतातून होणारी गळती किंवा भिंतींना वर्षानुवर्षे येणारी ओल पुरात मोडत नाही. रोख रक्कम, रोखे आणि वाहने घरविम्याच्या बाहेर राहतात. वाहनाला पुराचे संरक्षण हवे असल्यास त्याचा सर्वसमावेशक विमा असावा लागतो, केवळ तृतीय पक्ष विमा पुरत नाही. दागिने व कलावस्तू यांसाठी वेगळे संरक्षण घेता येते. घराच्या तळमजल्यावर दुकान असल्यास त्याच्या मालासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही निराळी पॉलिसी आहे.

घरकर्जदारांमध्ये एक घोटाळा नेहमी होतो. कर्ज घेताना घेतलेला विमा हा पुष्कळदा कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा आयुर्विमा असतो. त्याचा इमारतीशी संबंध नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा विमा उतरवण्याची तरतूद आहे. परंतु संस्थेचा विमा इमारतीपुरता असल्यास सदस्याच्या घरातील सामान त्यात धरले जात नाही.

विम्याच्या रकमेची निश्चिती

घराचा विमा बाजारभावावर काढला जात नाही. पूर जमीन वाहून नेत नाही, म्हणून तिची किंमत वगळून पुन्हा बांधण्याचा खर्च विचारात घेतात. 'भारत गृह रक्षा'त इमारतीची विमा रक्कम चटईक्षेत्र आणि बांधकामाचा प्रचलित दर यांच्या गुणाकाराने ठरते. उदाहरणार्थ, ६० चौरस मीटर चटईक्षेत्र आणि प्रति चौरस मीटर २०,००० रुपये दर मानला, तर रक्कम १२ लाख रुपये होते, सदनिकेचा बाजारभाव कितीही असो. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाचे संरक्षण वेगळा तपशील न देता मिळते. वरील घरासाठी ते २ लाख ४० हजार रुपये होते. सामान त्याहून अधिक असल्यास यादी द्यावी लागते.

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. या पॉलिसीत कमी रकमेचा विमा काढल्याबद्दल दाव्यात कपात करण्याचे कलम लागू होत नाही. जुन्या प्रकारात घराची किंमत २० लाख असताना १० लाखांचा विमा असला, तर ४ लाखांच्या नुकसानीचे २ लाखच मिळत. राडारोडा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता इत्यादींच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो. घर राहण्यायोग्य नसताना पर्यायी जागेच्या भाड्याचीही तरतूद आहे.

प्रस्तावपत्रात मागील पुराविषयी प्रश्न असल्यास खरी माहिती देणे बंधनकारक आहे. ती लपवल्यास पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

दावा आणि तक्रार

पाणी ओसरल्यावर घर लवकर स्वच्छ करण्याकडे स्वाभाविक कल असतो, आणि पुष्कळ पुरावा तेथेच नाहीसा होतो. कंपनीला नुकसानीची सूचना तत्काळ देणे, भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे काढणे, आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी खराब वस्तू टाकून न देणे आवश्यक असते. आरोग्याच्या कारणाने त्या टाकाव्याच लागल्या, तर आधी त्यांची छायाचित्रे व यादी करून कंपनीला कळवावे. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत पूरक पुरावा ठरते, पण नुकसानीचे मूल्यांकन परवानाधारक सर्वेक्षक स्वतंत्रपणे करतो. पॉलिसीची कागदपत्रे घरातच भिजण्याची शक्यता असल्याने त्यांच्या प्रती अन्यत्र ठेवल्या जातात.

दावा नाकारला गेल्यास किंवा रक्कम अपुरी वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे, आणि नंतर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. कंपनीच्या निर्णयानंतर एक वर्षाच्या आत तेथे तक्रार करावी लागते, तिला शुल्क नाही आणि वकिलाची गरज नसते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत साध्या घरविम्यातून पूर सहसा वगळलेला असतो. त्यासाठी १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम सुरू झाला. दरवर्षी १ टक्का शक्यता असलेल्या पुराच्या क्षेत्रात केंद्र सरकारची हमी असलेले किंवा केंद्राच्या नियंत्रणाखालील बँकेचे गृहकर्ज घेणाऱ्यास हा विमा बंधनकारक असतो. नव्या पॉलिसीचे संरक्षण सर्वसाधारणपणे ३० दिवसांनी सुरू होते, त्यामुळे वादळाचा इशारा आल्यावर ती घेऊन उपयोग होत नाही. ब्रिटनमध्ये पूरप्रवण घरांचा विमा परवडावा म्हणून विमा कंपन्यांच्या वर्गणीतून चालणारी 'फ्लड री' ही पुनर्विमा योजना एप्रिल २०१६ पासून अमलात आहे. २००९ पासून बांधलेली घरे तिच्यातून वगळली आहेत, म्हणजे नवी घरे पूरक्षेत्रात बांधण्यास तिचे प्रोत्साहन मिळू नये. महाराष्ट्रात ही जबाबदारी पूररेषेच्या नियमांवर आहे. 'भारत गृह रक्षा'च्या प्रमाणित मजकुरात निळ्या किंवा लाल रेषेचा उल्लेख नाही.